टिपणातल्या साखळ्या-आणे क्यूजीआयएसमध्ये कसे उतरवायचे

कोकणातलं कुठलंही जुनं खरेदीखत उघडा. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, आकार (म्हणजे शेतसारा) आणि मग चतुःसीमा: पूर्वेस अमक्याची कलमांची बाग, पश्चिमेस पऱ्या (ओढा), दक्षिणेस सामाईक पाखाडी (पायवाट), उत्तरेस तमक्याची वरकस जमीन. शेजारी कोण ते यातून कळतं, पण क्यूजीआयएससारख्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक रेघही ओढता येत नाही, कारण यात ना लांबी आहे ना कोन. लांब्या असतात भूमी अभिलेखच्या दप्तरातल्या टिपणात आणि फाळणी (हिस्से पाडल्याच्या) नकाशात. तालुक्याच्या उपअधीक्षक कार्यालयात अर्ज करून त्यांची नक्कल मिळते. चतुःसीमा मात्र फेकून देऊ नका. शेवटी सगळा आकार उलटा बसलाय की सुलटा, हे तीच सांगणार आहे.

टिपण म्हणजे हाताने काढलेलं कच्चं रेखाटन. ते प्रमाणात नसतं, त्यामुळे स्कॅन करून नकाशावर ताणण्यात अर्थ नाही. त्यातल्या आकड्यांनाच किंमत. जमिनीच्या मधून एक सरळ रेषा धरलेली असते आणि तिच्यावर ठरावीक अंतरांवर डावी-उजवीकडे लंब टाकून बांधाच्या कोपऱ्यांपर्यंतचं माप लिहिलेलं असतं. रेषेवरचं अंतर आणि लंबाची लांबी या दोन आकड्यांत प्रत्येक कोपरा पुरता बांधलेला असतो. शाळेतल्या आलेख कागदावरचे एक्स आणि वाय हेच.

आधी एकक नीट समजून घ्या

जुन्या टिपणांतली साखळी ३३ फुटांची, आणि तिचे १६ आणे. म्हणजे एक साखळी १०.०५८४ मीटर. ३३ गुणिले ३३ केलं की १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा. त्यामुळे चौरस साखळीत आलेलं क्षेत्रफळ हेच गुंठ्यांतलं क्षेत्रफळ; वेगळं रूपांतर लागत नाही. मेट्रिक पद्धत आल्यानंतरच्या मोजण्यांत मापं थेट मीटरमध्ये सापडतात, तेव्हा कागदावरचं साल आणि एकक आधी बघा.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, इंटरनेटवरच्या कन्व्हर्टरमधली ‘चेन’ ६६ फुटांची असते. ती वापरली की लांब्या दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट. ही चूक मोठी असल्यामुळे लगेच दिसते, म्हणून ती बरी. दुसरी चूक जास्त फसवी: टिपणात ३–१२ लिहिलेलं असतं ते ३ साखळ्या १२ आणे, म्हणजे ३.७५ साखळ्या. घाईत ते ३.१२ म्हणून टाइप केलं तर एकाच कोपऱ्यात सव्वासहा मीटरचा फरक पडतो, आणि आकार तरीही ‘जमिनीसारखा’ दिसत राहतो. आणे नेहमी १६ ने भागायचे. १५ च्या पुढचा आकडा आण्यांच्या जागी वाचला गेला, तर तुमचं अक्षर लावण्यात काहीतरी चुकलंय. ५ आणि ६, १ आणि ९ पुन्हा बघा.

समजा मधली रेषा ‘अ’ पासून ‘ब’ पर्यंत ७–४ आहे. डावीकडे १–८ वर १–१२ चा लंब आणि ४–० वर २–६ चा. उजवीकडे २–४ वर १–२ चा आणि ५–१२ वर २–० चा. मधली रेषा वाय अक्षावर ठेवली, डावीकडचे लंब उणे आणि उजवीकडचे अधिक धरले, की मीटरमध्ये असं उतरतं:

क्रम १, ‘अ’: एक्स ०.००, वाय ०.००
क्रम २, डावा पहिला: एक्स −१७.६०, वाय १५.०९
क्रम ३, डावा दुसरा: एक्स −२३.८९, वाय ४०.२३
क्रम ४, ‘ब’: एक्स ०.००, वाय ७२.९२
क्रम ५, उजवा दुसरा: एक्स २०.१२, वाय ५७.८४
क्रम ६, उजवा पहिला: एक्स ११.३२, वाय २२.६३

क्रम बघून घ्या. डावीकडून ‘ब’ पर्यंत चढायचं आणि उजवीकडून ‘अ’ कडे उतरायचं. टिपण वाचताना डाव्या-उजव्या दोन्ही बाजू ‘अ’ पासूनच वाचल्या जातात, आणि त्याच क्रमाने आकडे टाकले की ‘ब’ पासून रेघ खाली पहिल्या उजव्या लंबाकडे उडी मारते, मग परत वर जाते, आणि आकाराचा डमरू होतो. याच उदाहरणात तसं केलं तर क्षेत्र साडेअठरा गुंठ्यांऐवजी साडेतेराच्या आसपास दिसतं.

एक्सेलमध्ये भरताना

साखळ्या आणि आणे वेगवेगळ्या रकान्यांत भरा. एकाच रकान्यात १-८ असं टाइप केलंत की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, आणि मग ती परत आकड्यात आणायची म्हणजे डोक्याला ताप. तिसऱ्या रकान्यात साखळ्या अधिक आणे भागिले १६, चौथ्यात त्याला १०.०५८४ ने गुणून मीटर. आकडे इंग्रजीच टाका. देवनागरी आकडे क्यूजीआयएस मजकूर म्हणून वाचतं आणि बिंदू उमटतच नाहीत. वर्णनाचा रकाना मराठीत चालतो, पण फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ प्रकारात सेव्ह करा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

क्यूजीआयएसमध्ये लेअर मेनूतून ‘अ‍ॅड डिलिमिटेड टेक्स्ट लेअर’ उघडा, एक्स आणि वायचे रकाने निवडा आणि सीआरएस (आकडे पृथ्वीवरच्या कुठल्या मापनपद्धतीतले, हे सांगणारा रकाना) या टप्प्यावर रिकामा ठेवा. रिकामा न ठेवता आत्ताच यूटीएम (जागा पूर्व-उत्तर मीटरमध्ये सांगणारी जाळी) दिलंत तर शून्य-शून्य हा बिंदू मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर भर समुद्रात जाऊन पडतो. नुकसान काही नाही, पण नवा माणूस घाबरतो.

मग प्रोसेसिंग टूलबॉक्समधून ‘पॉइंट्स टू पाथ’ चालवा. क्रमाचा रकाना आकडा म्हणूनच आला आहे ना ते तपासा. मजकूर म्हणून आला असेल तर १ नंतर १०, ११ आणि मग २ असा क्रम लागतो आणि कोपरे जास्त असलेल्या जमिनीचा गुंता होतो. रेषा बंद करण्याचा पर्याय टिकमार्क करा, आणि शेवटी ‘लाइन्स टू पॉलिगॉन्स’.

आता क्षेत्र. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलर चिन्हाचं एरिया हे फंक्शन प्रोजेक्टच्या एलिप्सॉइडवरून, म्हणजे पृथ्वीचा गोलसर आकार धरून गणित करतं, आणि आपला आकार अजून पृथ्वीवर बसलेलाच नाही. म्हणून या टप्प्यावर भूमितीवरचं साधं एरिया फंक्शन वापरा. उदाहरणाचं उत्तर १८७८ चौरस मीटर यायला हवं. १०१.१७ ने भागलं की १८.५६, म्हणजे १८ गुंठे ९ आणे. सातबाऱ्याच्या भाषेत ०.१८.७८. गुणाकार बुकाची (क्षेत्रफळाचं गणित मांडलेल्या वहीची) नक्कल हाती असेल तर त्यातले त्रिकोण आणि समलंब चौकोन एकेक करून जुळवता येतात, आणि फरक नेमका कुठल्या लंबात आहे ते कळतं. सातबाऱ्याशी ताडताना पोटखराब्यासह एकूण क्षेत्र घ्या. कोकणात कातळ आणि पऱ्या यांमुळे पोटखराबा बराच असतो, आणि लागवडीखालच्या क्षेत्राशी तुलना करून ‘जमीन जास्त निघाली’ म्हणून खूश होणारे कमी नाहीत.

क्षेत्र जुळलं म्हणजे झालं, असं नाही

डावे-उजवे लंब अदलाबदल झाले तरी क्षेत्र तेच येतं. ‘अ’ आणि ‘ब’ ची टोकं उलटी धरली तरी तेच. जमीन आरशातल्यासारखी उलटी किंवा १८० अंशांत फिरलेली असते, आणि सातबाऱ्याचा आकडा मात्र दशांशापर्यंत जुळलेला. टिपणावर उत्तरेचा बाण नेहमी वरच्या बाजूलाच असेल असं नाही. ‘डावं’ म्हणजे ‘अ’ कडून ‘ब’ कडे तोंड करून उभं राहिल्यावरचं डावं. आणि इथेच चतुःसीमा कामाला येते. पऱ्या पश्चिमेला आणि पाखाडी दक्षिणेला आहे का ते बघा. टिपणाच्या कडेला लिहिलेले लगतचे सर्व्हे नंबर गाव नकाशावरच्या शेजाऱ्यांशी जुळतात का ते बघा. दोन बाजू जुळून दोन उलट आल्या, तर आकार आरशात गेलाय: सगळ्या एक्सची चिन्हं बदलून पुन्हा करा.

जमिनीवर बसवणं

आकार फिरवायला आणि सरकवायला जमिनीवरचे किमान दोन ओळखीचे बिंदू लागतात, आणि तपासणीला तिसरा. कुठले निवडावेत यावर सगळं काम उभं आहे. हद्दीचा जुना दगड, तीन नंबर मिळतात ती त्रिसीमा, जांभ्याच्या जुन्या गडग्याचा (दगडी कुंपणाचा) कोपरा, टिपणात दाखवलेली विहीर हे बिंदू चांगले. भातखाचराचा बांध नको, तो दर पावसाळ्यात थोडा फुटतो आणि थोडा सरकवून बांधला जातो. पऱ्याचा किंवा वहाळाचा काठ नको. खाजणात भरतीची रेषा तर मुळीच नको. आणि रस्त्याची कड नको, विशेषतः मुंबई-गोवा महामार्गालगत. चौपदरीकरणानंतरची कड आणि टिपणातली कड यांचा काही संबंध उरलेला नाही. गडगा धरतानासुद्धा तो हद्दीवरचाच आहे की मालकाने गुरं अडवायला हद्दीच्या आत घातलाय, हे लगतच्या माणसाला विचारून घ्यावं.

बिंदूंचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर घेत असाल तर मर्यादा लक्षात ठेवा. उघड्या कातळावर मोबाइल बऱ्यापैकी चालतो, पण दाट कलमांखाली ५ ते १० मीटर इकडेतिकडे होणं नेहमीचंच. ७३ मीटरच्या रेषेच्या दोन टोकांना विरुद्ध दिशांनी ५-५ मीटर चूक झाली तर रेषा जवळजवळ ८ अंशांनी फिरते. तेवढ्यात शेजाऱ्याची विहीर तुमच्यात येते. म्हणून एकतर आरटीके रिसीव्हर (मोबाइलपेक्षा खूपच अचूक उपग्रह-वाचन देणारं यंत्र) जोडून वाचन घ्या (एसडब्ल्यू मॅप्ससारखं अ‍ॅप ब्लूटूथवरून ते घेतं), किंवा झाडांबाहेरच्या दूरदूरच्या बिंदूंवर वाचन घेऊन तिथून टेपने कोपऱ्यापर्यंत या. टेप उतारावर जमिनीला टेकवून धरू नका. टिपणातली अंतरं आडवी असतात. २० अंशांच्या उतारावर ३० मीटरचा टेप आडव्या मापात २८.१९ मीटरच भरतो. पायऱ्यापायऱ्यांनी, टेप आडवा धरून, ओळंबा सोडत मोजावं.

होकायंत्राने दिशा घेऊन आकार फिरवायचा मोह टाळा. रत्नागिरीच्या आसपास यूटीएमच्या जाळीची उत्तर आणि खरी उत्तर यांतच सुमारे अर्ध्या अंशाचा फरक आहे, आणि होकायंत्राची उत्तर तिसरीच. दोन बिंदूंवरून काढलेल्या दिशेत हा प्रश्न येतच नाही.

आता गणित. कोकणाचा सगळा किनारा यूटीएमच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो; सॉफ्टवेअरमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. या पट्ट्याचं मध्यवृत्त ७५ अंश पूर्व. रत्नागिरी त्यापासून सुमारे १८० किलोमीटर पश्चिमेला असल्यामुळे इथे यूटीएमचा स्केल फॅक्टर जवळजवळ १ येतो. जाळीवरचं अंतर आणि जमिनीवरचं अंतर यांत आपल्या कामापुरता फरक नाही, ही या किनाऱ्याला मिळालेली फुकटची सोय. ओळख पटवायची सोपी खूण: डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत पूर्वेचा आकडा अडीच ते पावणेचार लाखांत आणि उत्तरेचा साधारण सतरा ते सव्वाबावीस लाखांत असतो. तुमचे आकडे या बाहेर असतील तर एक्स-वाय उलटे झालेत किंवा पट्टा चुकलाय.

समजा ‘अ’ चा पूर्व ३१८६४०.०० आणि उत्तर १८८०७१०.०० आला, आणि ‘ब’ त्याच्यापासून पूर्वेला ३६.९० व उत्तरेला ६३.४० मीटर. दिशा झाली ३०.२ अंश, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. एक्सेलमध्ये एटॅन२ ला आधी उत्तरेचा फरक द्या, मग पूर्वेचा, आणि आलेला कोन रेडियनमधून अंशांत आणा. क्यूजीआयएसच्या एटॅन२ मध्ये हाच क्रम उलटा आहे. त्यापेक्षा तिथे ॲझिमथ फंक्शन वापरलेलं बरं. मग प्रत्येक कोपऱ्यासाठी, याच कोनाचे साइन-कोसाइन धरून:

पूर्व = ‘अ’ चा पूर्व + एक्स × कोसाइन + वाय × साइन
उत्तर = ‘अ’ चा उत्तर − एक्स × साइन + वाय × कोसाइन

उजवा दुसरा कोपरा या सूत्राने ३१८६८६.४८ आणि १८८०७४९.८७ असा यायला हवा. तुमचं शीट हे उत्तर देत असेल तर सूत्र बरोबर बसलंय. एक्सेल नको असेल तर क्यूजीआयएसमधलं ‘अ‍ॅफाइन ट्रान्सफॉर्म’ हेच काम करतं. ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतं, म्हणून झेड अक्षाभोवतीचा कोन −३०.२ द्यायचा, आणि सरकवण्याच्या रकान्यांत ‘अ’ चे पूर्व-उत्तर. ते आधी फिरवतं, मग सरकवतं, त्यामुळे एकाच फेरीत काम होतं. त्यानंतर ‘असाइन प्रोजेक्शन’ ने ३२६४३ चिकटवा. इथे ‘रीप्रोजेक्ट’ दाबायचं नाही. असाइन म्हणजे ‘हे आकडे या पद्धतीतले आहेत’ असं सांगणं, रीप्रोजेक्ट म्हणजे आकडेच बदलणं.

आपल्या उदाहरणात मोजलेलं ‘अ-ब’ अंतर ७३.३६ मीटर आहे आणि टिपणातलं ७२.९२. जवळजवळ ४४ सेंटिमीटरचा फरक. अशा वेळी बरेच जण स्केलचा आकडा १.००६ करून आकार ताणतात, की दोन्ही टोकं अगदी चपखल बसतात. तसं करू नये. ताणलं की क्षेत्र १.२ टक्के वाढतं, आणि ते कुणाच्यातरी बाजूने खातं. स्केल १ ठेवा, चूक दोन्ही टोकांना निम्मी-निम्मी वाटून आकार रेषेवर २२ सेंटिमीटर पुढे सरकवा, आणि तिसरा बिंदू कुठे पडतो ते बघा. तो अर्ध्या मीटरच्या आत पडला तर जुन्या साखळीच्या मोजणीच्या मानाने चांगलंच जमलं. चार-पाच मीटर दूर पडला तर गणित उगाळत बसू नका. ओळखीचे धरलेल्या बिंदूंपैकी एक चुकीचा आहे.

‘क’ प्रत हाती असेल तर

अलीकडच्या मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीनंतर मिळणारा नकाशा) प्रमाणात असते, बहुधा १:५०० किंवा १:१०००. रोव्हरने (उपग्रहावरून मोजणाऱ्या यंत्राने) मोजणी झाली असेल आणि कोपऱ्यांचे सहनिर्देशक कागदावर मिळाले असतील, तर वरचा सगळा खटाटोप वाचतो. थेट सीएसव्हीपासून सुरुवात करा. नुसता नकाशा असेल तर ३०० डीपीआयवर सपाट स्कॅन करा, मोबाइलचा फोटो नको. १:१००० वर ३०० डीपीआयचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे साडेआठ सेंटिमीटर. क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये (स्कॅन जमिनीवर बसवायचं साधन) हेल्मर्ट निवडा: तो फिरवतो, सरकवतो, दोन्ही दिशांना सारखंच लहानमोठं करतो आणि चुका आकड्यांत उघड दाखवतो. थिन प्लेट स्प्लाइन सगळे बिंदू जबरदस्तीने जुळवतं, त्यामुळे चुकीचा बिंदूही बरोबर वाटतो. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर आधी नकाशावरची मोजपट्टी मोजून बघा. झेरॉक्समध्ये कागद एका दिशेला थोडा आखडलेला असू शकतो.

गाव नकाशा स्कॅन करून त्यावरून हद्द काढू नये. १:५००० वर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघच अडीच मीटर रुंद असते. शेजारी कोण, एवढ्यापुरताच तो.

हिस्से

एकाच सर्व्हे नंबरात १अ, १ब, १क करत आठ-दहा हिस्से असणं कोकणात नेहमीचंच. प्रत्येक हिस्सा त्याच्या फाळणीच्या आकड्यांवरून स्वतंत्र उभा केला की सामाईक बांधावर बारीक फटी आणि चिंचोळे दुबार तुकडे दिसतात. आधी मूळ नंबराची बाहेरची हद्द पक्की करा. मग आतल्या फाळणीच्या रेषा एकदाच काढा, स्नॅपिंग (टोकं जवळच्या रेषेला आपोआप चिकटणं) चालू ठेवून, आणि त्या रेषांनी मोठा आकार ‘स्प्लिट विथ लाइन्स’ ने कापा. अशाने फट राहायला जागाच उरत नाही. हिश्श्यांची बेरीज मूळ क्षेत्राइतकी येते का ते आकारफोडीशी (हिस्सेवार क्षेत्राच्या पत्रकाशी) ताडून बघा.

गुगल अर्थवर नेताना

केएमएलमध्ये (गुगल अर्थच्या फाइलमध्ये) फक्त अक्षांश-रेखांश चालतात, आणि आधी रेखांश, मग अक्षांश. क्यूजीआयएसमधून एक्सपोर्ट करताना ईपीएसजी ४३२६ निवडलं की तो क्रम आपोआप लागतो; हाताने फाइल लिहिणाऱ्यांची जमीन मात्र पार आर्क्टिक महासागरात जाते. अंश-मिनिटं-सेकंद हाताने बदलत असाल तर १७ अंश २ मिनिटं ३० सेकंद म्हणजे १७.०२३० नव्हे, १७.०४१६६७. फरक दोन किलोमीटरचा.

पार्श्वभूमीला उपग्रहाचं चित्र लावलं की प्रोजेक्ट बऱ्याचदा वेब मर्केटरवर, ईपीएसजी ३८५७ वर जातो. त्या पद्धतीतल्या भूमितीवरून साधं क्षेत्र काढलंत तर रत्नागिरीच्या अक्षांशावर ते ९ टक्के जास्त येतं, सिंधुदुर्गात ८, अलिबागला ११. दहा गुंठ्यांचे अकरा व्हायला एवढंच पुरतं. क्षेत्र ३२६४३ मध्येच काढा.

आणि चित्रावर तुमची हद्द गडग्यापासून तीन-चार मीटर सरकलेली दिसली, तर हद्द उचलून चित्रावर बसवू नका. डोंगरउतारावर चित्रच तेवढं सरकलेलं असू शकतं, आणि दोन वर्षांनी नवं चित्र आलं की ते वेगळीकडे सरकलेलं असेल. गुगल अर्थ प्रोमध्ये जुन्या तारखांची चित्रं एकामागून एक लावून तोच गडगा बघा. किती हलतो ते तिथेच दिसतं. केएमएलबरोबर मूळ सीएसव्ही, टिपणाच्या नकलेचा स्कॅन आणि कुठले तीन बिंदू धरले याची नोंद एकाच फोल्डरमध्ये ठेवा. तालुक्याकडून मोजणीला माणूस आला की तो पहिल्यांदा तेच तीन बिंदू दाखवा म्हणणार आहे.